पान उलटून बघा

मी कढीपत्ता बोलतोय. मुलुंडच्या एका सोसायटीत, पंपरूमच्या मागच्या बागेत माझं घर. आमचे माळी गुणाजी यांनी कणकवलीहून दुधाच्या पिशवीत मुळासकट आणून मला इथे लावलं.

मी वाढलो तसा चारही मजल्यांच्या फोडणीत जाऊ लागलो. कुकरची शिट्टी झाली की कुणीतरी धावत खाली येई, माझी डहाळी ओरबाडी आणि तसंच धावत वर जाई. माझ्याकडे नीट बघायला कुणाला वेळ नव्हता.

पहिल्यांदा नीट बघितलं रत्नप्रभाताई खरातांनी. एकेकाळी विहारात गाणी म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यात पुढे असे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. चालणं परत आलं, शब्द नाही आले. पाणी हवं असलं की तोंडातून ‘चावी’ निघे. मग त्या रडत. त्यांची मुलगी श्वेता ऑफिसला जाताना त्यांना माझ्यासमोरच्या बाकावर बसवून जाई.

गेल्या सप्टेंबरात एक काळं फुलपाखरू आलं. पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. माझ्या कोवळ्या पानांवर शेपूट टेकवत त्यानं अंडी घातली आणि ते निघून गेलं. अळ्या निघाल्या, हिरव्यागार झाल्या, माझी पानं फस्त करू लागल्या. दुखत होतं, खोटं कशाला सांगू? पण ताई रोज पुढे वाकून त्यांच्याकडे बघत आणि हसत, म्हणून तेही गोड वाटे.

वरच्या मजल्यांवर मात्र बोंब झाली. “कढीपत्त्याची पार वाट लागलीये!” एका सकाळी सेक्रेटरी राजेश सावंत औषधाचा पंप घेऊन गुणाजींसह आले.

“ताई, जरा बाजूला व्हा ना. फवारायचंय.”

ताई उठल्या आणि हात पसरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “चावी...” त्या म्हणाल्या. “चावी, चावी!” चेहरा लाल झाला, पण हवा तो शब्द येईना.

“अगं आई, काय करतेस? चल घरी,” ऑफिसला निघालेली श्वेता कानकोंडी झाली.

ताईंनी डोळे मिटले. डाव्या हातानं मांडीवर ताल धरला. एक, दोन, तीन, चार. आणि बोलायला न येणारी ती बाई गाऊ लागली:

हिरवं हे लेकरू पानावरी वाढे,
उद्या पंख ओले उन्हामध्ये काढे.
काळ्या पदरावरी चांदण्यांची ओळ,
थांब रे माझ्या भावा, दे थोडा वेळ.

एकही शब्द चुकला नाही. श्वेतानं खांद्यावरची पर्स काढून बाकावर ठेवली.

गुणाजींनी पंप खाली ठेवला. “सायबानु, औषध मारलेली पाना फोडणीत घालतलास काय?”

राजेश डोकं खाजवत म्हणाले, “बरं. पंधरा दिवस थांबू. पण ताई, अजून एकदा म्हणा ना.”

त्या पंधरा दिवसांत माझ्या फांद्यांवर कोष लटकले. एका सकाळी पहिला फुटला. चहाचे कप हातात घेऊन पंधरा-वीस माणसं उभी होती. चुरगळलेले ओले पंख हळूहळू सरळ झाले, ठिपके दिसले, आणि फुलपाखरू राजेशच्या खांद्यावरून उडून गेलं. मोबाईल काढायचंही सगळे विसरले.

ताईंचं साधं बोलणं अजून अडखळतं. पण डॉक्टरांनी सांगितलं, सुरात येतंय तर सुरात बोलू द्या. आता त्या ‘श्वेता, पाणी दे गं’ असं चालीवर म्हणतात आणि श्वेताही चालीवरच उत्तर देते. रोज दोन नव्या ओळी होतात. श्वेता त्या वहीत उतरवते.

मी आज अर्धा बोडका आहे. नव्या अळ्या आल्यात, नवी पालवीही फुटतेय. पानं न्यायला जरूर या, मी तुमचाच आहे. फक्त तोडण्याआधी पान उलटून बघा. खाली कुणी मोठं होत असेल, तर शेजारचं घ्या.