प्लास्टिकमधला कागद

सरहद्दीच्या पुलावरच्या रांगेत पुढे अकरा माणसं उरली, तेव्हा सेवेरिनाने आईकडे हात पसरला.

"मामाय, कागद दे."

तिच्या आईने, दोन्या नेमेसियाने, पोलक्याच्या आत हात घातला, पोटाशी बांधलेली कापडी पुरचुंडी सोडली, आणि जत्रेतून आणलेली वस्तू पोरांना दाखवावी तशा थाटात कागद बाहेर काढला. कागद उन्हात लखलखला. चारही बाजूंनी त्याला जाड, गुळगुळीत प्लास्टिक चढवलेलं होतं.

सेवेरिनाच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे काय केलंस?"

"सकाळी तू बसचं तिकीट काढायला गेलीस ना, तेव्हा केलं. बाजारात फोटोवाल्याकडे यंत्र आहे. आता पाऊस येवो, घाम येवो, काही होत नाही बघ." आईने प्लास्टिकवर टिचकी मारली.

सात वर्षं. सात वर्षं सेवेरिना ब्वेनोस आयरेसमध्ये शिवणाच्या कारखान्यात मान मोडून बसली होती. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, बोटांचे ठसे दिले, ज्याच्या त्याच्या पुढे हो ला हो केलं, आणि सप्टेंबरात कुठे तिला कायमचं राहायची मंजुरी मिळाली. कार्ड छापून यायला वेळ होता. तोवर हा एकच कागद तिचं कार्ड होता. देशाबाहेर जायचं तर पंधरा दिवसांत परत यायचं, जाताना मागच्या बाजूला शिक्का, येताना त्याच्या शेजारी दुसरा. कचेरीतल्या बाईने तिला बजावलंही होतं, "नुकती मंजुरी मिळालीय. कार्ड येईपर्यंत कशाला हलताय?"

पण बाप मार्चमध्ये गेला होता. मेलेला माणूस सर्व संतांच्या दिवशी घरी जेवायला येतो, पहिली तीन वर्षं तर हमखास येतो, आणि पहिल्याच वर्षी मुलगी ताटाशी नसली तर तो काय म्हणेल? सेवेरिना आली. तिने त्याच्या ताटाशी ठेवायला पिठाची बाळं भाजली, त्याला वर चढायला पावाची शिडी केली, त्याच्या आवडीचं मिरचीचं कालवण केलं. सगळं यथासांग झालं. आज पंधरावा दिवस होता. पलीकडे तिची सहा वर्षांची मुलगी नोएमी शेजारणीकडे राहिली होती आणि आई कधी येणार म्हणून रोज दाराशी बसत होती. पोरीच्या बापाचा पत्ता ती जन्मायच्या आधीपासूनच नव्हता.

"खिडकी सहाला बंद होते," मागून एक जाड आवाज आला. "त्यांच्या सहाला. म्हणजे आपल्या पाचला. त्यांचं घड्याळसुद्धा आपल्यापुढे मिरवतं." ही दोन्या इलारिया. पाठीवर कांद्याचं गाठोडं घेऊन ती दिवसातून चार वेळा हा पूल ओलांडायची, आणि पुलावर घडलेली कुठलीही गोष्ट आपल्याला विचारल्याशिवाय घडली की तिला राग यायचा.

सेवेरिनाने मनाला समजावलं, की कदाचित चालेल. आपल्याकडे कशाला प्लास्टिक नसतं? बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, शाळेचं प्रगतिपुस्तक, सगळं प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर टांगतो आपण.

खिडकीतला अधिकारी किडकिडीत होता. एका हातात माते नावाच्या कडू चहाचा पेला, त्यातली नळी तोंडात. त्याने कागद घेतला, उलटला, आणि नळी तोंडातून काढली.

"सेन्योरा, हे काय आहे?"

"माझी मंजुरी, साहेब."

"मंजुरी होती." त्याने शिक्का शाईत बुडवला, मागच्या बाजूवर दाबला आणि उमटलेल्या निळ्या गोलावरून अंगठा फिरवला. गोल पुसून गेला. अंगठा तेवढा निळा झाला. "बघितलंत? शाई धरतच नाही. खाली लिहिलंय, वाचता येतं ना? प्लास्टिक चढवलेला कागद बाद."

"आज शेवटचा दिवस आहे साहेब. माझी मुलगी तिकडे आहे."

"मग वकिलातीत जा. नवा कागद मागा."

"वकिलात इथून दोन दिवसांवर आहे! उद्या मंजुरीच राहणार नाही."

"ते मलाही माहीत आहे." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि सेवेरिनाला त्याचीच जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाला विनवता तरी येतं. त्याने कागद परत सरकवला. "पुढचा."

ती बाजूला होऊन कठड्याशी आली. आई मागोमाग आली, काय झालं ते न समजून.

"काय म्हणतो गं, वावा, माझ्या लेकरा?"

"म्हणतो, संपलं!" सेवेरिना ओरडलीच. "सात वर्षं घालवलीस माझी, मामाय! तुला वाचता येत नाही तर हात कशाला लावलास? कुणी सांगितलं होतं? अडाणी ती अडाणीच राहिलीस!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. दोन्या नेमेसिया खाली बघत राहिली. तिने पोलक्याची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली.

"तुझ्या बापाचा कागद," ती हळू म्हणाली, "त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता. खाणीतल्या नोकरीचा. घामाने सगळी शाई गेली. पेन्शन मागायला गेला तर कचेरीत म्हणाले, यावर काहीच दिसत नाही, तू खाणीत नव्हतासच. वीस वर्षं खोकला काय तो घरी बसून? म्हणून म्हटलं, तुझा तरी..."

सेवेरिनाला बोलल्याची लाज वाटली, पण राग अजून उतरला नव्हता, आणि दोन्ही एकदम सोसताना तिला रडू फुटलं.

"रडून प्लास्टिक विरघळतं का?" दोन्या इलारियाने गाठोडं धपकन खाली टाकलं. "त्याला शिक्का मारायला जागा पाहिजे ना? मग जागा करून द्या. मागची बाजू सोलायची. पुढची राहू दे तशीच. साडेचार झालेत आपले."

"फाटला तर?"

"फाटला तर आता जिथे उभी आहेस तिथेच राहशील. आणखी काय होणार आहे?"

दोन्या नेमेसियाने कमरेला खोचलेलं हाड काढलं. लामा या लोकरीच्या जनावराच्या पायाचं, विणताना धागे ठोकायचं, तिच्या आईच्या हातातून आलेलं, टोकाला घासून सुरीसारखं पातळ झालेलं. ती चाळीस वर्षं त्या हाडाने एकेक धागा वेगळा करत आली होती.

"इकडे आण," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता काकुळती नव्हती.

कठड्याचं लोखंड दिवसभराच्या उन्हाने तापलं होतं. तिने कागद मागच्या बाजूने त्यावर दाबून धरला. "बटाट्याची साल गरम असतानाच निघते," ती पुटपुटली. शंभर मोजावेत इतका वेळ ती तशीच उभी राहिली. मग दोन्या इलारियाच्या कांदे कापायच्या सुरीने तिने एक कोपरा छाटला, फटीत हाड घातलं, आणि सोलायला लागली.

प्लास्टिक चिकट आवाज करत सुटू लागलं. एक बोट. दोन बोटं. थंड झालं की आई पुन्हा लोखंडावर दाबायची, पुन्हा हाड घालायची. अर्ध्यावर कागदाचा एक पापुद्रा वर उचलला गेला, तशी आई थांबली, उलट्या बाजूने आली, आणि तो पापुद्रा हाडाने दाबत दाबत परत खाली बसवला.

"जातानाचा शिक्का!" सेवेरिना किंचाळली.

शिक्क्याची शाई प्लास्टिकला लागून येत होती. तारीख कागदावर राहिली. महिना प्लास्टिकवर गेला, उलटा.

"राहिलाय तेवढा पुरे. ओढ, नेमेसिया, ओढ," दोन्या इलारिया म्हणाली. पाचला नऊ मिनिटं होती. तिने रांगेतल्या लोकांना कोपराने ढकललं. "सरका रे! मी मागे जाते, माझी जागा हिची."

अधिकाऱ्याने कागद उचलला. मागची बाजू खरखरीत, सोललेली, पण कागदाची होती. पुढची बाजू अजून चकाकत होती. त्याने अर्धा शिक्का बघितला. दोन्या नेमेसियाने न विचारताच प्लास्टिकचा तुकडा खिडकीतून आत सारला. त्याने तो कागदावर ठेवला, सरकवला, महिना जागेवर बसवला. दिवस मोजले.

"हे कुणी केलं?"

सेवेरिनाला कळलं की उत्तरावर सगळं अडलंय. ज्याची मंजुरी, त्यानेच कागदाशी खेळ केला असेल तर तो गुन्हा. तरीही तिने तोंड उघडलं. मघाशी बोललेलं तिला आत बोचत होतं. "मी..."

"मी केलं," आई मध्येच म्हणाली. "चढवलं मी, सोललं मी. ती तिकीट काढायला गेली होती. मला वाचता येत नाही, साहेब. विचारा हिला, आत्ताच म्हणाली ती."

अधिकाऱ्याने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग शिक्का शाईत बुडवला आणि सोललेल्या जागी दाबला. अंगठा फिरवला. शिक्का हलला नाही.

"आत येताय," तो म्हणाला. "पण मला लिहावं लागेल. कागद खराब केलेला आढळला, चौकशी व्हावी. चौकशी संपून कार्ड हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलंत तर मंजुरी रद्द."

"किती दिवस, साहेब?"

"दिवस?" त्याने नळी पुन्हा तोंडात घातली. "दोन वर्षं. तीनही लागतात. सही करा."

तिने सही केली.

सरहद्दीवरच्या साखळीच्या अलीकडे सेवेरिना, पलीकडे आई. मध्ये हातभर अंतर. खिडकीची झडप पडली.

"काय म्हणाला?"

सेवेरिनाने सांगितलं. आईने बोटांवर मोजलं. पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं. बापाची उरलेली दोन्ही ताटं.

"मामाय, मघाशी मी बोलले ते..."

"खरं तेच बोललीस. आता ऐक." दोन्या नेमेसियाने साखळीवरून हात घालून तिच्या कपाळावर क्रूस काढला. मग कमरेला खोचलेलं हाड काढून तिच्या मुठीत कोंबलं. "ताट तिकडेच मांड. मिरची जास्त घाल, नाहीतर तोंड वाकडं करेल. शिडी नोएमीला करायला शिकव."

"पण तो तर इथे येणार ना, तुझ्याकडे?"

"मी सांगेन त्याला, तिकडे जा म्हणून," आई म्हणाली. "त्याच्याकडे कुणी कागद मागणार नाही आता."

दोन्या इलारियाने नेमेसियाच्या पाठीवरची शाल सारखी केली आणि दोघी पूल उतरायला लागल्या. सेवेरिना हाड मुठीत धरून बसच्या दिशेने धावली.