थ्रेशरच्या यादीतून गायब झालेली पाळी

"माया पाळीचा नंबर कोनं कापला? तूच कापला, अजहर!" मनकर्णाबाई दाराच्या पायरीवरूनच वरडून राह्यली होती. "काल थ्रेशर गावात फिरलं अन् मले एक मेसेज नायी! कापलेल्या सोयाबीनची सुडी रचून वावरात पडून हाये, आभाळ पाह्य कसं भरलं!"

"मावशी, मेसेज सगळ्यायले गेला."

"मंग मलेच काहून नायी? वावर इथं अन् मी मालेगावले राह्यते म्हनून?"

थ्रेशर, म्हंजे मळनीचं मशीन, माया चांदचाचाचं. अनसिंगात कोनाची पाळी कवा, ते मी लॅपटॉपवर लिवतो. शाळा सोडली तरी एवढं येते मले. नाव, तारीख, मोबाईल. त्या फायलीतून मेसेज आपोआप जाते. बारा तारखेले पानी आलं, तं बाराचे सगळे मी चवदावर ढकलले. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत कमांडीची एक ओळ टाकली, काम खतम.

मंग घोळ कोनाचा? आंगनात हरीओम ड्रायव्हर थ्रेशर ट्रॅक्टरले जोडून राह्यला होता. काल मावशीच्या पाळीत यानं सोयाबीन काढलं पुंजाजीचं. पुंजाजी याचा सासरा. मी काय आंधळा हाओ का?

"मावशीले फोन काहून नायी केला?" मी त्याले इचारलं.

"केला ना बे. यादीतला नंबर लावला, लागला नायी. वावरात कुत्रंबी नवतं. थ्रेशर काय उभं ठेवू?"

"लागला नायी म्हने! लॅपटॉपले हात कोनं लावला?"

"मले तं तो चालूबी करता येत नायी," म्हने, अन् हासला.

त्या हासन्यानं माया डोक्शात जाळ झाला. मी कॉलर धरली. चांदचाचा घरातून धावत आला, त्यानं सोडवलं. हरीओम थुकला, ट्रॅक्टरवर बसला अन् रिसोडच्या रस्त्यानं निंगाला. थ्रेशर एकदा गाव सोडून गेलं का त्या हंगामात वापस येत नायी.

मी फाईल उघडली. "मावशी, तुमचा मोबाईल नंबर सांगा."

तिनं सांगतला. फायलीत तिच्या नंबराच्या मधात टिंब होतं. मोबाईल नंबरात टिंब? मले वाटलं, आता सापडला चोर. कोनत्या कमांडी चालल्या, त्याची यादी काढली. शेवटची मायीच होती:

sed -i 's/12.10/14.10/g' yadi.txt

म्हंजे जिथं 12.10, बारा ऑक्टोबर, दिसन तिथं 14.10 कर. पन शोधाच्या भागात टिंब म्हंजे टिंब नसते, कोनतंबी एक अक्षर नायी तं आकडा असते. खरं टिंब पाह्यजे तं त्याच्या आंधी उलटी तिरपी रेघ, बॅकस्लॅश, द्या लागते. मी देली नवती. मावशीच्या नंबरात 12810 होतं, त्याचं झालं 14.10, म्हनून मेसेजबी गेला नायी अन् हरीओमचा फोनबी लागला नायी.

"काय सापडलं रे?"

"मायीच चूक हाये, मावशी."

मावशी पायरी उतरून माया मोटरसायकलपाशी जाऊन उभी राह्यली. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

हरीओमले फोन लावला, त्यानं कापला. पुन्यांदा लावला, पुन्यांदा कापला. कापीनच ना. पन ट्रॅक्टर थ्रेशर वढत हळू जाते, गाडीवर गाठता येते. सगळ्यायसमोर कॉलर धरली, आता थ्रेशर वापस आन म्हनून सगळ्यायसमोर हात जोडा लागतीन. मावशी गाडीवर मांगं बसली बी. मले निंगा लागते आता.