राखून ठेवलेला भाग

लालबागच्या अनुजाने कॉलेजच्या कँटीनमध्ये नव्या भयपटावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. म्हणाली, "भुतापेक्षा हिरोच्या विगचीच जास्त भीती वाटली." पण एका गाजलेल्या वेबसिरीजचा विषय निघाला, तशी ती कानांत बोटं घालून उठलीच. चाळीतला गौतम जर्मनीला शिकायला जाताना दोघांचं ठरलं होतं, शेवटचा भाग व्हिडिओ कॉल लावून एकत्रच बघायचा. तो तिने अजून राखून ठेवला होता.

त्या संध्याकाळी गौतमचा फोन आला.

"अनु, शेवट काय कडक होता ना! आम्ही रूमवर सगळ्यांनी मिळून बघितला."

"हो रे, मी तर रडलेच," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने सिरीज उघडली, शेवटचा भाग तसाच राहू दिला आणि पहिला भाग पुन्हा लावला.