धाकटीनं वाचून दाखवलेला फॉर्म

मी रफू करते. कोटाला पडलेलं भोक असं बुजवते की गिऱ्हाईक उलटसुलट करून विचारतं, "भोक होतं तरी कुठे?" लस घेतल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसले, सुई धाग्यांपाशी नेली आणि तिचं टोकच गायब! उजव्या डोळ्यासमोर, अगदी मधोमध, राखाडी डाग.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "पडद्याची बारीक शीर बंद झालीय. लसीनंतर असं झाल्याचं फार क्वचित कुणीकुणी कळवलंय. लसीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, नाही झालं असंही म्हणणार नाही. पण नोंद करा. नोंदीच झाल्या नाहीत तर कळणार कसं?" मला पटलं. डोळा जायचा तो गेला, निदान माझं खरं तरी कागदावर राहू दे. एवढंच मागणं होतं माझं.

मी लस घेतली त्याच केंद्रावर धाकटी बहीण नर्स. लसही तिनंच टोचलेली. डॉक्टरांकडून तशीच तिच्याकडे गेले. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले, दोन्ही डोळ्यांना अक्षर दिसेना. तिनं फॉर्म भरला, मोठ्यानं वाचला, "लसीनंतर तिसऱ्या दिवशी त्रास सुरू." तिनं बोट ठेवलं तिथे मी सही केली. आई गेल्यावर मीच वाढवलेली पोर, तिच्यावर कसला संशय घ्यायचा?

चार महिन्यांनी लसीनंतरच्या त्रासांची चौकशी करणाऱ्या समितीचं पत्र आलं. नवरा वाचता वाचता मध्येच थांबला.

"अहो, वाचा की पुढे!"

"त्रास लसीच्या आधीपासून होता, असं तू स्वतःच लिहून दिलंयस म्हणे. केस बंद."

तडक तिचं घर गाठलं. आधी म्हणाली, चुकून झालं असेल. मग नजर चुकवत म्हणाली, "ताई, आमच्या केंद्राची आजवर एकही तक्रार नव्हती. माझं हेडनर्सच्या बढतीचं चाललं होतं. आणि खरं लिहिलं असतं तर तुझा डोळा परत येणार होता का?"

डोक्यात तिडीकच गेली. "अगं भवाने, मला दिसत नव्हतं म्हणून माझ्याच सहीनं मला खोटं पाडलंस?"

ती रडायला लागली. "कुणाला सांगू नकोस गं, नोकरी जाईल माझी." लहानपणापासून तिची प्रत्येक भानगड मी पोटात घातली होती.

दुसऱ्या दिवशी समितीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "फॉर्म कुणी भरला होता?" मी तिचं नाव सांगितलं, आडनावासकट. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. फोन ठेवला आणि हमसून हमसून रडले.