आई तुम्हीच आहात

"चालत्या लाईनला हात लावायचा नसतो," आई म्हणाली होती. आई म्हणजे या गोष्टीतल्या लेकीची आई. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण पुढचा सगळा घोळ याच एका शब्दाने घातला.

आईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली. सकाळची पाळी सुरू झाली की पहिलं काम लाईन तपासण्याचं. इकडून विचारायचं, "आहे का?" पलीकडच्या ऑपरेटरने म्हणायचं, "आहे." दोघींनाही त्याहून जास्त बोलायला फुरसत नसे. "आहे" आलं नाही, तर माणूस सायकलवर बसवून तारा बघायला धाडायचा. त्यामुळे आई राहायला आलेली असताना लेकीने चालता ब्राउझर सोडून दुसरा टाकायला घेतला, तेव्हा तिला राहवलं नाही. लेक हसली. म्हणाली, "आई, हे तुझं एक्स्चेंज नाही. इथे काही बिघडलं तर पुन्हा पहिल्यासारखं करता येतं."

कॉलेज शिकलेल्या बाईने इतकं ठामपणे बोलू नये.

तिची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि ती अजून रजेवर होती. काळजी हा तिचा मूळ स्वभाव. बाळ झाल्यावर त्या स्वभावाला पूर्णवेळ काम मिळालं. मुलगी एकदा खोकली की ती बारा टॅब उघडायची. दोनदा खोकली की तिला शोधणाऱ्या साधनावरच शंका यायची. हे नीट शोधत नसेल, दुसरं बघावं. असं करत आठ महिन्यांत तिने अकरा ब्राउझर, चार शोधयंत्रं आणि टिपणं ठेवायचे सहा प्रोग्राम वापरून टाकले होते. एक वेगाने उघडायचा पण वेगाने बंदही पडायचा. एकात टॅब उभे लावलेले होते. ते आडवे कसे करायचे हे शोधण्यात एक अख्खी दुपार गेली. लोक म्हणतात नव्याचे नऊ दिवस. तिच्याकडे कुणी पाचवा दिवस पाहिला नव्हता.

नवरा चष्म्याच्या दुकानात बसायचा. तो म्हणायचा, माझ्याकडे लोक नंबर वाढला म्हणून चष्मा बदलतात, तू चष्मा बदलून बदलून नंबर वाढवून घेतेस. ती म्हणायची, तुला नाही कळायचं. मग एका ऑनलाइन मंचावर त्या प्रोग्रामबद्दल सविस्तर अभिप्राय लिहायची. तिथे तिचे तेवीस वाचक होते. त्यांतली एक ती स्वतःच होती, दुसऱ्या नावाने.

या सगळ्या उलाढालीत एक गोष्ट मात्र कधी बदलली नव्हती. आई दुसऱ्या गावात, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. हेडफोन लावून लावून तिचा उजवा कान गेला होता आणि डावा जायच्या तयारीत होता, त्यामुळे फोन तिला नको असायचा. तीस वर्षं लोकांचं ऐकून घेतलं, आता पुरे, असं ती सांगायची. ऐकू येत नाही हे सांगायची नाही. म्हणून दोघींचं ठरलं होतं. रोज सकाळी आठला आईचा मेल. मजकूर एक शब्द: "आहे." पुढे पूर्णविराम, कारण कामात अर्धवटपणा आईला खपायचा नाही. सुरुवातीला लेकही उलट "आहे." लिहायची. पुढे नुसता अंगठा पाठवू लागली. त्याच्याही पुढे, आपण पाहिलं हेच उत्तर, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. आईला ते कळवायचं तेवढं राहून गेलं.

शनिवारी तिने बारावा ब्राउझर टाकला. हा सगळं एकत्र सांभाळणारा होता. मेल त्यातच, शोध त्यातच, शिवाय विचाराल ते सांगणारा एक मदतनीस. सुरुवातीलाच त्याने अदबीने विचारलं, आपण कोण? खाली पर्याय होते. विद्यार्थी, व्यावसायिक, लहान बाळाची आई. तिने तिसऱ्यावर टिचकी मारली आणि इतकं बरं वाटलं की पुढचं नीट वाचलंच नाही. पुढे विचारलं होतं, गोंगाट बंद करायचा का? ज्या घरात सकाळपासून एक खुळखुळा, एक मिक्सर आणि वरच्या मजल्यावरचा सुतार चालू असतो, त्या घरातली कुठली बाई नको म्हणेल? तिने हो म्हटलं.

आणि खरंच शांतता झाली. जाहिराती गेल्या, दुकानांच्या सूचना गेल्या. रोज सकाळी मदतनीस सांगायचा, आज महत्त्वाचं काही नाही. ती मुलीला उकडलेलं गाजर भरवत विचार करायची, किती हलकं वाटतंय. मंगळवारी तिने मंचावर पाच तारे दिले. लिहिलं, हा ब्राउझर मला समजून घेतो.

बुधवारी दुपारी नवरा जेवायला घरी आला. मुलीला कडेवर घेऊन, तिचं नाक पुसता पुसता त्याने सहज विचारलं, "आईची तब्येत काय म्हणते?"

"काय म्हणणार, कंबर धरलीय," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "रात्री झोपायला मिळालं तर सुटेल."

"तुझी नव्हे. आपल्या आईंची. त्या गोळ्या बदलल्या होत्या ना डॉक्टरांनी?"

बाळ झाल्यापासून तोही तिला आईच म्हणू लागला होता. आईकडे जा, आईला विचार, आई रागावेल. तिलाही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरात आई म्हटलं की तीच मान वर करायची.

तिने मेल उघडला. आईचा मेल नव्हता. कालचा नव्हता, परवाचा नव्हता. शनिवारचा "आहे." शेवटचा. मग ते चार दिवस तिला एकदम दिसले आणि त्यात आपण काय केलं तेही. रविवारी टॅबचे रंग निवडले होते.

आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या होत्या. नव्या गोळ्यांनी चक्कर येऊ शकते, पडायचा धोका असतो, हे तिने स्वतः अठरा टॅब उघडून वाचलं होतं. वाचून आईला आठ मुद्द्यांचा मेलही पाठवला होता. आईला त्या गोळ्या सोसतायत का, हे मात्र विचारायचं राहिलं होतं.

तिने शोधाच्या चौकटीत लिहिलं, आई. एका क्षणात चारशे निकाल आले. बाळाला दात येताना आईने काय करावं. आईची अपुरी झोप. आईने स्वतःसाठी वेळ काढावा. तिने लिहिलं, आईचे मेल. तिनेच बाळाच्या डॉक्टरला पाठवलेले मेल हजर झाले, एकूण एकोणसाठ. तेवढ्यातही तिला आकडा वाचून लाज वाटली. दोनदा खोडून तिने मदतनिसाला सरळ विचारलं, माझी आई कुठे आहे?

उत्तर लगेच आलं. "आई तुम्हीच आहात. आज तुम्हाला कशात मदत हवी?"

नवऱ्याने ते तिच्या खांद्यावरून वाचलं. एरवी तो यावर आठवडाभर हसला असता. आता फक्त एवढंच म्हणाला, "फोन लाव."

आईचा फोन वाजत राहिला. तो एरवीही वाजतच राहायचा, त्यामुळे त्यातून काही कळायला मार्ग नव्हता. मग तिने आईच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंपीणकाकूंना फोन लावला. काकूंच्या मशीनचा आवाज आधी आला, मग काकूंचा. ती काय बोलली ते तिचं तिलाही नीट समजलं नाही, पण काकूंना समजलं. मशीन थांबलं. "चावी आहे माझ्याकडे, जाते," काकू म्हणाल्या आणि फोन कापला गेला.

ती वाट बघत होती तेवढ्यात नवऱ्याने जुना ब्राउझर उघडला. तो तिने काढून टाकला नव्हता. दूरदृष्टीने नव्हे, आळसाने. तिथे सगळं जसंच्या तसं होतं.

रविवार: आहे.
सोमवार: आहे. जरा गरगरतं.
मंगळवार: आहे. उठताना खोली फिरते. तू कामात असशील.

बुधवारचा नव्हता.

नवऱ्याने नव्या ब्राउझरची मदतीची पानं चाळली तेव्हा उलगडा झाला. रोज त्याच वेळी, त्याच माणसाकडून, तोच मजकूर येतो; असा पाठवणारा माणूस म्हणजे गोंगाट. एकदा तसा शिक्का बसला की त्याने पुढे काही वेगळं लिहिलं तरी तेही गोंगाटातच जातं. चूक त्या प्रोग्रामची म्हणावी, तर हो म्हणणारं बोट तिचं होतं. आणि आठ वाजता "आहे." दिसलं नाही, हे लक्षात यायला प्रोग्राम लागत नाही. सायकलवर बसवून माणूस धाडण्याइतकी अक्कल तीस वर्षांपूर्वीच्या एक्स्चेंजला होती.

वीस मिनिटांनी काकूंचा फोन आला. आई सापडली होती. स्वयंपाकघरात जमिनीवर, कपाटाला टेकून बसलेली. सकाळी पाणी घ्यायला उठली, खोली फिरली, अलगद खाली बसली आणि पुन्हा उठायची हिंमत झाली नाही. पाच तास तिथेच. हाताशी कालचं वर्तमानपत्र होतं, त्यातलं शब्दकोडं तिने पेन्सिल नसताना तोंडीच सोडवलं होतं. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांना बोलावलं होतं.

"डाव्या कानाला फोन धरते त्यांच्या," काकू म्हणाल्या, "मोठ्याने बोल."

"आई," ती ओरडली. तिच्या ओरडण्याने मुलगी दचकून रडायला लागली. "आई, तुझे मेल मला दिसलेच नाहीत गं."

मग आईचा आवाज आला, दमलेला, पण ड्युटीवरचा.

"लाईन चालू होती, बाई. पलीकडे ऑपरेटर नव्हती."

तिने विचारलं, "आता आहेस ना?"

"आहे," आई म्हणाली. "त्या पोरीला आधी गप्प कर."

संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली, आणि रात्रीच्या सोबतीला काकूंनी आपलं अंथरूण वर नेलं. शनिवारी तिघं आईकडे जाणार होती. बॅग भरून झाल्यावर ती पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसली. नवऱ्याला वाटलं तेरावा शोधतेय. पण ती मंचावर गेली, पाच तारे काढून घेतले, आणि जुन्या अभिप्रायाच्या खाली लिहायला लागली. वेग चांगला, दिसायला सुबक, टॅबचे रंग छान, असं सगळं प्रामाणिकपणे लिहिलं; प्रोग्रामवर राग काढून उपयोग नव्हता. मग "गोंगाट बंद" काय करतं आणि त्यात अडकलेले मेल कुठे जाऊन उघडायचे हेही लिहिलं. शेवटी थोडं थांबून, मुलीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेत, तिने आणखी दोन ओळी घातल्या:

तुमच्याकडेही रोज तेच तेच लिहिणारं कुणीतरी असेल. आजचा त्यांचा निरोप आलाय का, तेवढं बघा. दिसला नाही, तर कॉम्प्युटरला विचारत बसू नका, त्यांच्या खालच्या मजल्यावर फोन करा.