भावाच्या नावाची आंघोळ

आमच्या घरात बाबांसमोर काहीही बोलायची मुभा होती. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. "हात वर करा," म्हटलं तर नुसते बघत राहायचे. त्यावरून आम्ही ठरवून टाकलं की बाबांना आता काही कळत नाही. असं ठरवणं सोयीचं असतं. खोटं कशाला बोलू, मीही तेच ठरवलं होतं.

वाचा-उपचार करणारी नूतन पेणहून आठवड्यातून एकदा यायची. तिच्या लॅपटॉपमधून दोन शब्द ऐकू यायचे. दुसरा शब्द खरा असेल तर बाबांनी डाव्या हाताने बटण दाबायचं, 'झमकूळ' असलं काही निरर्थक आलं तर गप्प राहायचं. एवढं करून दाखवण्यातच तीन खेपा गेल्या.

"पहिला शब्द ऐकला की त्याच्या नात्यातले शब्द डोक्यात आपोआप जागे होतात," नूतन म्हणाली. "दुसरा त्यातलाच निघाला तर बोट लवकर जातं. तसं झालं, तर अर्थ शाबूत आहेत म्हणायचं."

बाबांचं बोट काही लवकर जाईना. 'डॉक्टर, नर्स' झालं, 'मीठ, भाजी' झालं. आई, म्हणजे सगुणाबाई, दारात उभी होती आणि गप्प राहणं तिला कधी जमलेलं नाही.

"मिठाला भाजी कशाला?" ती म्हणाली. "यांचा जन्म मिठागरात गेला. मिठाला वारा लागतो. वारा न्हाय तर मीठ पिकत न्हाय."

नूतनने वही काढली. आईने सांगितलेल्या जोड्या तिने लिहून घेतल्या: मीठ, वारा. बांध, चिखल. भाऊ, वाटणी. सुतक, आंघोळ. घरी जाऊन तिने त्या स्वतःच्या आवाजात भरल्या आणि तुलनेसाठी तेच शब्द उलटसुलट करून काही विजोड जोड्याही केल्या.

पुढच्या खेपेला 'मीठ, वारा' आलं आणि बोट झटकन गेलं. 'बांध, चिखल'लाही तसंच. माझा भाऊ विपुल ट्रेलर चालवतो आणि घरातही हॉर्न वाजवल्यासारखाच बोलतो. तो ओरडला, "आई, कळतंय त्यांना!" मला इतका आनंद झाला की मी आईला मिठीच मारली.

नूतन मात्र स्क्रीनकडे बघत होती.

"मी मुद्दाम लावलेल्या विजोड जोड्यांतली एक बघा," ती म्हणाली. "तीन वेळा आली, तिन्ही वेळा बोट सगळ्यात लवकर गेलं. भाऊ, सुतक. या दोन शब्दांचं तुमच्याकडे काही नातं आहे का?"

नातं होतं.

बाबांचा धाकटा भाऊ येसाजीकाका चार महिन्यांपूर्वी मिठागराच्या बांधावरच गेला. बाबांना सांगायचं नाही असं ठरलं. पण विपुलने नातेवाइकांना फोन केले ते त्यांच्या खाटेवर बसून. आई रडली ती त्यांच्या पायाशी. मागच्या दारी ओळीने सगळ्यांनी सुतकाची आंघोळ केली, एक बाबा सोडून. "त्यांना काय कळतंय," मीच म्हणाले होते, त्यांच्या उशाशी उभी राहून.

"ऐकायचं नाही असं ठरवलं तरी चालत नाही," नूतन हळू म्हणाली. "शब्द कानात गेला की अर्थ उघडतोच."

म्हणजे चार महिने ते एकटे भावाचं सुतक धरून पडले होते. माझी मलाच लाज वाटली.

आमच्यात बातमी उशिरा कळली तरी आंघोळ चुकवत नाहीत. आईने भर दुपारी पाणी काढलं. विपुलने बाबांना उचलून अंगणात खुर्चीवर बसवलं. आई त्यांच्या कानाशी वाकली.

"अवं, भावजी गेले."

बाबांनी मान हलवली, जुनी बातमी ऐकल्यासारखी.

मी तांब्या भरून उचलला. त्यांनी डाव्या हाताने तो माझ्याकडून काढून घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर ओतला. मग घशातून आवाज फुटला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ते रडत होते.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रिकामा तांब्या फक्त माझ्यापुढे धरला. मी तो पुन्हा भरला.