राधेश्यामला न ऐकवलेला वाक्प्रचार

तृप्तीच्या जिवाला सकाळपासून थारा नव्हता. अकरा वाजता पुण्याच्या कंपनीची मुलाखत होती, मोबाइलवर, व्हिडिओ कॉलनं समोरासमोर. परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलायचं काम. जमलं तर भोकरदन सुटणार होतं. नाही जमलं तर दिवाळीनंतर स्थळं बघणं सुरू. ती ओसरीत खुर्ची मांडायची, उजेड बघायची, पुन्हा उचलून आत न्यायची.

"बस की एका जागी," तिचे वडील भागवतराव म्हणाले. "बरं, पीस ऑफ केक?"

"सोपं काम."

"अंडर द वेदर?"

"अंगात कसर. आबा, आता पुरे."

क्लासच्या बाईंनी बजावलं होतं, बोलताना वाक्प्रचार पेरा, छाप पडते. भागवतरावांना इंग्रजीचं एक साधं वाक्य कळत नव्हतं, पण धारा काढताना लेकीची उजळणी घेऊन घेऊन वाक्प्रचार तेवढे अर्थासकट तोंडपाठ झाले होते. नवा शिकला की घोकत घोकत फाटकाशी जायचं आणि शेजारच्या राधेश्यामला ऐकवायचा, हा त्यांचा रोजचा शिरस्ता.

मोबाइलवर कंपनीच्या मॅडम दिसल्या आणि मुलाखत सुरू झाली. तृप्ती भडाभडा बोलत सुटली. आत चौकटीला टेकलेला बाप ओळखीचा वाक्प्रचार आला की मान डोलवत होता. पण थोड्या वेळानं त्यांना राहवेना. घरी आलेल्या माणसाला चहा न पाजता बोलत ठेवायची त्या घरात रीत नव्हती. मॅडम मोबाइलमध्ये असल्या म्हणून काय झालं? गोठ्यात काम करताना अंगात घातलेल्या बंडीवरच ते बाहेर आले, कपबशी मोबाइलसमोर ठेवली आणि हात जोडले.

"घ्या मॅडम. घरच्या म्हशीचं दूध हाये."

मॅडमना हसू आलं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे कोण?

तृप्तीची कानशिलं तापली. बंडीला चिकटलेला कडबा तेवढा तिला दिसला.

"ही वर्क्स हिअर," ती म्हणाली. आमच्याकडे कामाला आहे, बस, इतकंच.

मॅडम "हाऊ स्वीट" म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. शेवटी म्हणाल्या, उद्या कळवते, काळजी करू नका.

मोबाइल बंद होताच भागवतराव खुशीत पुढं आले. "समदे वळखले मी. येकच न्हाई कळला. मला बघून म्हणलीस तो. ही वर्क्स हिअर. आपण तो केलाच नव्हता. अर्थ काय त्याचा?"

कपातल्या चहावर साय धरली होती. तृप्ती त्या सायीकडे बघत राहिली.

"माझे वडील," ती म्हणाली.

"ही वर्क्स हिअर, माझे वडील. ही वर्क्स हिअर, माझे वडील." पायात वहाणा सरकवून ते घोकत निघालेसुद्धा.

तृप्तीला बसवेना, उभंही राहवेना. फाटकाशी त्यांनी राधेश्यामला हाक मारली तशी ती अनवाणी धावली.

"आबा, थांबा. अर्थ चुकीचा सांगितला मी."

"मंग बराबर काय?"

"आपल्याकडं कामाला हाये," ती कशीबशी म्हणाली.

भागवतराव बंडीवरचा कडबा एकेक काडी करून वेचत राहिले. तेवढ्यात राधेश्याम आला आणि विचारू लागला, आज कोणता नवा?

"आज न्हाई काही," ते म्हणाले. मग लेकीकडे न बघताच हळू आवाजात त्यांनी विचारलं, "नोकरी तर लागंल ना?"